मत फक्त टॅक्स भरणाऱ्यांना?

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. या वेळी तो सीए असलेल्या एका वर्गमित्राने टाकला : "टॅक्स आम्ही भरायचा आणि सरकार दीड हजारवाल्या बायकांनी निवडायचं. मत फक्त टॅक्स भरणाऱ्यांना द्या." खाली अंगठ्यांची रांग. मी विरोधात लिहिलं, तर म्हणाला, "तुला काय जातंय? तू तिकडे अथेन्समध्ये."

बरं, मग अथेन्सचंच सांगते.

2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हापासून जे ऐकतेय, ते इथे चोवीसशे वर्षांपूर्वी बोलून झालंय. अथेन्सचा तेव्हाचा नेता पेरिक्लिस, त्याने कोर्टात ज्युरी म्हणून बसणाऱ्यांना रोजचा भत्ता सुरू केला. आधी दोन ओबोल (तिथली छोटी नाणी), पुढे क्लेऑन या दुसऱ्या नेत्याने तीन केले. यामुळे अथेन्सचे लोक आळशी, भित्रे, बडबडे आणि पैशाला हपापलेले झाले, असं लोक म्हणतात, हे प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलंय. पण रोजंदारीवरचा माणूस दिवसभर कोर्टात बसला तर संध्याकाळी त्याची चूल कशी पेटणार? भत्ता नसता तर कोर्टात फक्त खाऊनपिऊन सुखी असलेलेच बसले असते. तो भत्ता केलेल्या कामाबद्दल होता, योजनेचे पैसे तसे नाहीत, हे मला मान्य आहे. योजनेवर भांडा, जरूर भांडा. पण पैसे मिळतात म्हणून बाईचं मतच काढून घ्या? आणि आमच्या आईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी साबण घेताना जीएसटी भरत नाहीत का?

क्लेइस्थेनिस या सुधारकाने इ.स.पू. 508 च्या सुमारास अथेन्सची घडी नव्याने बसवली. नागरिकांच्या समान राजकीय हक्काला ग्रीक लोक इसोनोमिया म्हणत. इतिहासकार हेरोडोटसने त्याची लक्षणं सांगितली आहेत : पदं चिठ्ठीने मिळतात, पदावरच्याला हिशेब द्यावा लागतो, निर्णय सगळ्यांपुढे होतात. आगोराच्या, म्हणजे अथेन्सच्या जुन्या बाजारचौकाच्या, म्युझियममध्ये ज्युरी निवडायला चिठ्ठी काढायच्या यंत्राचा दगड आहे. मी अनेकदा तो बघायला जाते. त्यावर बारीक खाचांच्या ओळी आहेत. प्रत्येकाची पट्टी त्या खाचेत बसायची; पट्टीवर त्याचं नाव, बापाचं नाव, वस्तीचं नाव. बाजूच्या नळीतून काळा किंवा पांढरा गोटा पडायचा आणि आख्खी ओळ आत जायची किंवा घरी परतायची. काही कांस्याच्या पट्ट्यांवर जुनं नाव ठोकून पुसलेलं आणि वर दुसऱ्याचं कोरलेलं दिसतं. कोण किती टॅक्स भरतो, हे त्या पट्टीवर कुठेच नाही.

माझ्या मित्राचा नियम अथेन्सने करूनही पाहिला. इ.स.पू. 411 मध्ये भत्ते बंद झाले आणि सत्ता ऐपतदार पाच हजारांना देऊ असं ठरलं. प्रत्यक्षात चारशे जणांनी ती चार महिने बळकावली. 404 मध्ये तीस जणांची राजवट आली, तिने हक्क असलेल्या तीन हजारांची यादी केली. भाषणं लिहिणाऱ्या लिसियासचा बाप पेरिक्लिसच्या बोलावण्यावरून सिराक्यूजहून इथे आला होता. ढालींचा कारखाना, भरपूर कर, पण परदेशी, म्हणून मत नाही. तिसांनी कारखाना लुटला, लिसियासच्या भावाला विष प्यायला लावलं, भावजयीच्या कानातली सोन्याची कुडी ओढून काढली. त्या घराने भरलेला कर त्या दिवशी कुणाच्या कामी आला?

अथेन्सच्या समानतेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, लिसियासही नव्हता. ग्रीसमध्ये बायकांना संसदेसाठी मताचा हक्क मिळायला 1952 उजाडलं. आपल्याकडे घटनेनेच ते सगळ्यांना एकदम दिलं. त्याआधी इंग्रजांच्या राज्यात मत होतं ते मालमत्ता, कर, शिक्षण बघून. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तो याच्याच विरोधात. मित्रा, तू सुधारणा म्हणून जे मागतोयस, तो इंग्रजांचा कायदा होता. तुझी आजी आणि माझी आजी, दोघींना त्या कायद्याने मत मिळालं नसतं. दोघी शेतावर राबत होत्या.

मला हे इतकं का लागतं, तेही सांगते. मी इथे एफ्का (सामाजिक विम्याचा हप्ता) भरते, टॅक्स भरते, बहुतेक खरेदीवर चोवीस टक्के फिपिआ, म्हणजे इथला जीएसटी, भरते. मत नाही. 2010 मध्ये आमच्यासारख्या परदेशी लोकांना निदान नगरपालिकेत मत देणारा कायदा झाला, 2013 मध्ये इथल्या वरिष्ठ न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. अथेन्समधल्या किप्सेली भागाच्या चौकात उमेदवाराची माणसं पत्रकं वाटतात. एकीने मला पत्रक पुढे केलं, मी "एफ्खारिस्तो", म्हणजे धन्यवाद, म्हटलं, माझे उच्चार ऐकून तिचा हात मागे गेला आणि ते पत्रक माझ्या मागच्या म्हाताऱ्याला मिळालं. ती वाईट बाई नव्हती. तिला माझ्याशी काही कामच नव्हतं. मत नसलेल्या माणसाशी कुणाचंच नसतं.

माझं नाव अजून सांगलीच्या यादीत आहे, परदेशस्थ मतदार म्हणून. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन तिथे जावं लागतं, आणि दर वेळी ते जमत नाही. तरीही ते नाव मला हवं आहे. मित्राचा नियम आला तर मावशींच्या आधी माझंच नाव कापलं जाईल, कारण भारतात मी एक रुपयाही इन्कम टॅक्स भरत नाही. जिथे भरते तिथे मत नाही, आणि जिथे मत आहे तिथे, त्याच्या हिशेबाने, ते मागायचा मला हक्क नाही.