स्तनपानाबद्दलचं ते वाक्य

स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेवरचा लेख वाचला. 'या शस्त्रक्रियेनंतर बाळाला अंगावर पाजता येत नाही' हे त्यातलं सरसकट विधान पटलं नाही. ऑपरेशन कुठल्या पद्धतीनं केलंय त्यावर ते ठरतं. बहुतेक वेळा स्तनाग्र सुटं करत नाहीत, आतल्या ऊतींच्या एका भागाला जोडलेलं ठेवूनच वर सरकवतात. त्यामुळे काही दुग्धवाहिन्या, रक्तवाहिन्या आणि नसा शाबूत राहतात. अशा कितीतरी जणी पुढे पाजतात. कुणाला दूध कमी येतं, मग वरचं द्यावं लागतं. (ते ऑपरेशन न झालेल्यांनाही द्यावं लागतंच की!) स्तनाग्र पूर्ण काढून पुन्हा बसवलं, तर मात्र पाजण्याची आशा जवळजवळ संपते आणि संवेदनाही बहुधा जाते. म्हणून सर्जनना आधी पद्धत विचारा.

माझं ऑपरेशन मूल होण्याआधी झालं. मानदुखी, खांद्यावर पट्ट्यांचे खोल वळ आणि स्तनांखाली सतत उठणारं पुरळ, या सगळ्याला मी कंटाळले होते. पुढे मुलीला पाजलं, जोडीला पावडरचं दूधही दिलं. त्या वेळी कुणी लेखातल्यासारखं सांगितलं असतं, तर मी आणखी काही वर्षं पाठ धरून बसले असते.

आणि तंबाखूचा उल्लेखच नाही? सिगारेट आधी काही आठवडे बंद करायला सांगतात, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम नीट भरत नाही आणि क्वचित स्तनाग्राची त्वचाच मरते. टाके कसे दिसतील यावर तीन परिच्छेद लिहिलेत, त्यात एक ओळ याचीही हवी होती.