मांजराच्या फोटोचा तो मेसेज खान्देशात चालायचा नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "मांजराचा झकास फोटो हवा? भर दुपारी अंगणात न्या, लांब असेल तर झूम करा, रात्री फ्लॅश मारा, हलत असेल तर मानगूट धरून बसवा. काळं मांजर मात्र फोटोत नीट येतच नाही." लिहिणाऱ्याने मांजर पाळलंय की नाही कोण जाणे, आपला उन्हाळा मात्र त्याने नक्कीच पाहिलेला नाही.

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांकडे जातो. तेव्हा अंगणातली फरशी मांजराचे पंजे भाजते. ते तिथे बसलंच, तरी डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यातली बाहुली आकसून उभी रेघ होते नि तोंडावर काळ्या सावल्या पडतात. मांजर मुळातच पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असतं, उजेडही तेव्हाच मऊ असतो. दुपारीच काढायचा असेल तर मांजर उंबऱ्याच्या आत सावलीत असावं, तोंड दाराकडे. जुन्या धाब्याच्या घरात तर जाड भिंती, आत अंधार आणि दारातून येणारा एकच उजेड. यासाठी स्टुडिओवाले पैसे घेतात!

फ्लॅश नकोच. मांजराच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. अंधारात पाहायला त्याला तो कामाचा, पण फ्लॅशचा उजेड तो सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकतो आणि डोळ्यांच्या जागी हिरवे-पिवळे दिवे दिसतात.

झूमचं थोडक्यात: मोबाइलवर बोटांनी ताणलेला झूम बहुतेकदा फोटो कातरतो, बाकी काही नाही. त्यापेक्षा पुढे सरका, खाली बसा, लेन्स मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा.

आता काळं मांजर. यात दोष मांजराचा नाही, कॅमेऱ्याच्या हिशेबाचा आहे. समोरचं सगळं मध्यम राखाडी असावं असं धरून तो उजेड ठरवतो. काळं मांजर चौकटभर असलं की तो उजेड वाढवतो आणि मांजर धुरकट राखी होतं. मागे चुन्याची भिंत असली की उलटं, मांजराचा नुसता डाग उरतो. मांजराच्या डोळ्यावर टॅप करा, मग मांजर चौकटभर असेल तर उजेडाची पट्टी खाली ओढा, मागे चुन्याची भिंत असेल तर वर. पांढऱ्या मनीचीही हीच गत. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेल्या कापसावर ती झोपली की मनी आणि कापूस दोन्ही मळकट येतात. तिथे पट्टी वर. काळ्याला खिडकीचा तिरपा उजेड मिळाला तर केसांची चमकही उतरते.

राहिलं मानगूट. पिल्लाला आई तसं उचलते, पण मोठं मांजर धास्तावतं, कान मागे पडतात आणि फोटोत तेच येतं. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की माणसाने डोळे बारीक करून सावकाश मिटले तर मांजरही तसंच करतं आणि जवळ यायला राजी होतं. आधी ते करून पाहा. कान उभे हवे असतील तर कुणाला तरी दुधाचं पातेलं वाजवायला सांगा आणि सलग फोटो घेत राहा, कारण दूध नाही हे त्याला लगेच कळतं.