मानशीची फळी

गोव्यातल्या कुंभारजुव्याच्या आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतीत, खारफुटी माजली, त्यावरून घरच्या ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललंय. चुलतभाऊ म्हणतो, रानानं शेत गिळलं आणि कायदा तोडू देत नाही. पणजीत राहणारी पुतणी म्हणते, निसर्गानं आपली जमीन परत घेतली. मी नेदरलँड्समध्ये राहतो; इथल्या फ्लिसिंगनच्या दाइकवर, म्हणजे समुद्राच्या बांधावर, सायकल थांबवून मी ते वाचलं. राग दोघांचाही आला.

अरे, खारफुटीनं बांध फोडला नाही. आधी बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, त्याबरोबर बिया आल्या. बांधाबाहेर हीच झाडं लाटेचा जोर मोडतात, गाळ धरतात. त्यांचा कुजका पाला कुर्ल्या-सुंगटांना, म्हणजे खेकडे-कोळंबीला, पोसतो आणि तीच सुंगटं ओहोटीला मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या, जाळ्यात सापडतात. भरती मानशीचं लाकडी दार बाहेरून लोटून बंद करते, ओहोटीला आतलं पाणी ते उघडतं. जूनचा पाऊस मातीतलं मीठ धुतो, उरलेलं कोरगूट हे खाजनातलं भात सोसतं. यात खारफुटी हवी की भात, हा वाद येतोच कुठून?

बांधाला मात्र माणूस लागतो. कुर्ली त्यात भोकं पाडते. आजोबा अनवाणी चालत, टाचेखाली माती दबली की वाकून कोपरापर्यंत हात घालत आणि पेंढा नि चिखल ठासून भरत. मी मागे घमेलं धरून उभा.

इथे 1953 च्या पुरात 1836 माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. बांध नि पाणी सांभाळणाऱ्या वॉटरशॅप या संस्थेचं बिल आलं की मी त्याच दिवशी भरतो. हेडविगेपोल्डर या बांध घालून मिळवलेल्या शेतजमिनीत 2022 साली पाणी सोडलं, तेही मुद्दाम, वर्षानुवर्षं भांडून झाल्यावर. शेतकऱ्यांना ते पटलं नव्हतं, पण समुद्र आत घ्यायचा की नाही हे माणसांनी ठरवलं. आमच्याकडे कुणी ठरवलं नाही. कुणी बांधावर गेलंच नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहायला घेतलं आणि पुसलं. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात याच चुलतभावानं मानशीच्या कुजलेल्या फळीचा फोटो पाठवला होता. ‘दादा, या खेपेला येशील? चार माणसं कमी पडतात.’ मी ‘रजा बघतो’ असं कळवलं. रजा होती. आम्ही पोर्तुगालला गेलो.

त्या खारफुटीखाली माझ्या वाटणीचे भाताचे तीन कुणगे आहेत.