अर्ध्या भाकरीचा हिशेब

दिवाळी झाली होती, कापसाची वेचणी जोरात सुरू. सातच्या सुमारास आम्ही नेहमीचे चौघं एसटी थांब्याजवळच्या पानठेल्यावर बसलो होतो. बापूंनी खिशातून लेकीची घटक चाचणीची उत्तरपत्रिका काढली. पोरगी सातवीत, गणितात वीसपैकी सहा.

“दहा हजाराचा मोबाईल घेतला, ॲपचे पैसे भरले. पोट्टी रोज पाह्यते. मंग हे सहा मार्क कावून?”

दादाचं रिचार्जचं दुकान आहे, त्याला हे झोंबलं. “मोबाईलले दोष देऊ नका, बापू. माहा भाचा मोटर वायंडिंग यूट्यूबवर पाहून शिकला. दोन-तीन मोटरी जाळल्या त्यानं, पन आता पाच गावच्या मोटरी त्याच्याकडे येतात. कोन मास्तर होता त्याले?”

“मोटरच मास्तर होती,” गुरुजी म्हणाले. ते जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. “वायंडिंग चुकलं का मोटर जळते. चूक तिथल्या तिथं समजते. पोट्टीचं गणित चुकलं, तर व्हिडिओ काय करते? पुढचा लागते.”

मला हे पुरतं पटलं. पेरू देशानं खेड्यापाड्यातल्या पोरांना लॅपटॉप वाटले होते. २०१२ साली ३१९ शाळांचा अभ्यास बाहेर आला, तर गणितात फरक नाही, भाषेतही नाही. यंत्र हातात आलं, पण शिकवण्याची तऱ्हा होती तीच राहिली. मी हे सांगितलं तसा दादा उसळला, “म्हंजे यंत्र बेकारच?”

तसंही नाही. दिल्लीत सहावी ते नववीच्या पोरांवर माइंडस्पार्क नावाच्या संगणक-शिकवणीचा प्रयोग झाला, त्याचा अभ्यास २०१९ साली छापून आला. चिठ्ठ्या टाकून पोरं निवडली होती. साडेचार महिन्यांत ती गणितात आणि हिंदीत, नंबर न लागलेल्या पोरांच्या बरीच पुढे गेली. पोरगं सातवीत असलं तरी त्याला येतं चौथीचं, हे तो संगणक आधी ओळखायचा, तिथूनच प्रश्न द्यायचा आणि चूक धरायचा. शिवाय निम्मा वेळ लहान गटात शिकवायला माणूस असायचा.

“मंग तसंच ॲप घ्या ना,” दादा म्हणाला. मुद्दा बरोबर होता.

बापू हळू आवाजात बोलले. “मोबाईल दिवसभर माह्यापाशी, वावरात. आठ वाजता तिच्या हाती येते. तिची माय वेचून-वेचून थकून येते. पोट्टी काय पाह्यते, कोन पाहाले बसलं?”

आमच्या गावात बहुतेक घरांत हेच आहे. ‘असर’ या शिक्षणावरच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या पोरांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. यात पोरांना बोल लावायला माझं मन धजत नाही.

तेवढ्यात पोरगी बापूंना जेवायला बोलवायला आली. गुरुजींनी उत्तरपत्रिका तिच्यासमोर धरली. एक-द्वितीयांश अधिक एक-तृतीयांश, आणि खाली तिनं लिहिलेलं उत्तर, दोन-पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली.

“व्हिडिओ पाह्यला होता?”

“तीनदा.”

गुरुजींनी चूक सांगितलीच नाही. “ताटात अर्धी भाकर हाये. मायनं अजून वाढली. आता ताटात अर्धीपेक्षा जास्त का कमी?”

“जास्त.”

“अन् पाचातले दोन हिस्से?”

ती गप्प झाली. बोटांवर काहीतरी मोजलं. “अर्धीपेक्षा कमी, गुर्जी.” मग तोंडावर हात ठेवला. ठेल्यावरचा पेन मागून तिनं खोक्याच्या पुठ्ठ्यावर सहा चौकोन काढले, तीन रंगवले, मग दोन.

दादा वाकून बघत होता. “सातवीचं ठीक हाये, गुर्जी,” तो म्हणाला. “उद्या हे दहावीत गेली, विज्ञानात अडली, तवा पानठेल्यावर कोन बसून राहीन?”

गुरुजींकडे त्याला उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पोरीनं पुठ्ठा फाडून घेतला, उत्तरपत्रिकेत दुमडून ठेवला. वाटेनं जाताना बापू तिला विचारत होते, “सहाच चौकोन कावून काढले तू? पाच कावून नाई?”