वशिंडात अणुभट्टी नसते

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. पहिल्या तिघांना मी उत्तरच दिलं नाही. असल्या प्रत्येक मेसेजला उत्तर देत बसलं तर नोकरी कधी करायची? चौथा माझा मामा. त्याने तो खरा की खोटा विचारायला पाठवला नव्हता. वासरू मेल्यावर पाठवला होता आणि खाली एकच ओळ लिहिली होती, ‘यात लिहिलंय तसं सगळं केलं गं.’

मामा शीळफाट्याच्या पुढे राहतो. गाव म्हणायचं, पण गावाच्या तीन बाजूंना आता गोदामं आणि भंगाराचे ढीग आहेत, चौथ्या बाजूला रस्ता. घरी दोन गावठी गाई, सात शेळ्या. मी नवी मुंबईत रबाळ्याला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. दुधातलं शिसं मोजणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. तरी मामाला मला फोन करावासा वाटला नाही, कारण मेसेजात सगळं ठामपणे लिहिलेलं होतं.

मेसेज लांबलचक आहे, त्याचा सारांश असा. कारखान्यांच्या पाण्यातले शिसं, पारा वगैरे ‘जड धातू’ देशी गाईला बाधत नाहीत, वशिंडातली सूर्यकेतू नाडी त्यांचे सुवर्णक्षार करते. जनावर सुस्त झालं किंवा आंधळ्यासारखं वागू लागलं तर सात दिवस सकाळच्या उन्हात पूर्वेकडे तोंड करून बांधावं, हळद घातलेलं ताक पाजावं, इंजेक्शन टोचू देऊ नये. दुधाला तीन उकळ्या दिल्या की धातू तळाशी बसतात, खात्री करायची तर दुधात चुंबक फिरवावं. गवत हिरवंगार असेल तर चारा शुद्ध समजावा. शेळ्यामेंढ्यांच्या पाण्यात रोज चिमूटभर मोरचूद टाकावा. आणि शेवटी टाळ्यांचं वाक्य: तळोज्याची निळी कुत्री जगली, मग आपल्या गोमातेला काय होणार?

निळी कुत्री आधी उरकते. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीच्या परिसरात ती दिसली, तेव्हा त्यांच्या अंगावर, केसांवर कारखान्यातला रंग होता. तो धुतला की जातो. पोटात गेलेलं शिसं आंघोळ घालून निघत नाही. पुढे चला.

आता ती नाडी. वशिंड म्हणजे स्नायू आणि चरबी. शिशाचा अणुक्रमांक ८२, सोन्याचा ७९. एका मूलद्रव्याचं दुसरं करायचं तर अणूच्या गाभ्यालाच हात घालावा लागतो. ते काम करणाऱ्या यंत्रांसाठी आमच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र उभं आहे, जाड भिंती आणि कडक पहाऱ्यासकट. तेच काम गाय रवंथ करता करता उरकत असेल तर देशाने उगाच एवढा खर्च केला. दुधातल्या सोन्याची गोष्ट काही नवी नाही. २०२१ साली राष्ट्रीय कामधेनू आयोग या सरकारी आयोगाच्या गोविज्ञान परीक्षेच्या अभ्याससाहित्यात ती छापून आली होती, बरीच टीका झाली आणि परीक्षा पुढे ढकलली गेली. गाईच्या दुधाचा पिवळेपणा चाऱ्यातल्या बीटा कॅरोटीनचा असतो. म्हैस त्याच कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरं. शिवाय सोनं हाही जड धातूच. एवढं तरी मेसेज लिहिणाऱ्याने बघायचं होतं.

इथपर्यंत हसण्यावारी नेता आलं असतं. राग येतो तो पुढच्या वाक्याचा, सात दिवस उन्हात बांधा आणि इंजेक्शन देऊ नका.

मामाचं वासरू चार महिन्यांचं होतं. देशीच, वशिंडासकट. एका संध्याकाळी ते गव्हाणीला धडकलं. मामाला वाटलं अंधारात दिसलं नसेल. सकाळी ते दात खात उभं होतं, कान आणि पापण्या थडथडत होत्या, मग गोठ्याच्या भिंतीला डोकं टेकून ढकलत राहिलं. डोळे उघडे, पण समोर हात हलवला तरी पापणी मिटत नव्हती. गुरांच्या डॉक्टरला हे वर्णन फोनवर सांगितलं असतं तरी त्याच्या मनात पहिल्या दोन-तीन शंकांमध्ये शिसं आलं असतं. गुरांमधली शिशाची विषबाधा बहुतेक वेळा कारखान्याच्या धुरातून होत नाही, ती होते फेकलेल्या बॅटरीतून. गुरांना जे दिसेल ते चाटून, चघळून बघायची सवय असते आणि वासरांना तर जास्तच. त्यात लहान जनावराच्या आतड्यातून शिसं मोठ्या जनावरापेक्षा कितीतरी सहज रक्तात जातं.

मामाने त्याला पूर्वेकडे तोंड करून बांधलं. दोन दिवस, दिवसातून तीनदा, तोंडात हात घालून बाटलीने ताक पाजलं. तिसऱ्या दिवशी झटके यायला लागले, तेव्हा मामीने परस्पर डॉक्टरांना बोलावलं. ते पोचेपर्यंत वासरू आडवं झालेलं होतं.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, तोंडात हात कोणी घातला होता, आणि हाताला जखम आहे का? मामाला प्रश्नच कळला नाही. शिशाची बाधा आणि पिसाळलेलं जनावर, म्हणजे रेबीज, सुरुवातीला सारखीच दिसतात. असं वागणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालणं म्हणजे स्वतःचा जीव पणाला लावणं. दुसरं, ज्याला धड गिळता येत नाही त्याला बळजबरीने पाजलेलं ताक फुप्फुसात उतरू शकतं. मेसेजातल्या त्या एका ओळीत जनावर आणि माणूस दोघांनाही मारायची सोय आहे, आणि खाली लिहिलंय ‘जनहितार्थ’.

वासरू मेल्यावर डॉक्टरांनी हातमोजे चढवून ते उघडलं. कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या मोठ्या कप्प्यात, ताक आणि गवत. त्याला लागून असलेल्या जाळीपोटात करड्या, ठिसूळ पत्र्यांचे तुकडे, बॅटरीच्या प्लेटचे. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते, पुढे सरकत नाही, आणि तिथून थोडं थोडं शिसं झिरपत राहतं. माझ्या लॅबच्या मशीनची गरजच पडली नाही. गोठ्यामागे एका भंगारवाल्याने बॅटऱ्या फोडून शिसं नेलं होतं आणि उरलेला चुरा तिथेच टाकला होता.

ज्या इंजेक्शनला मेसेज नको म्हणतो ते कॅल्शियम ईडीटीए. ते रक्तातल्या शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. सोबत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व देतात, आणि पोटातलं शिसं विरघळू नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट. पहिल्या दिवशी बोलावलं असतं तर वासरू नक्की वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण संधी होती. ती उन्हात बांधून घालवली. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आहे, मेसेज पुढे ढकलायला लागतो त्याहून कमी वेळात तो लावता येतो.

आता दूध. इथे एक अर्धसत्य मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. गाईचं शरीर धातू अडवतं हे खरं आहे. कॅडमियम हा जड धातू मुख्यतः मूत्रपिंडात आणि यकृतात साठतं, दुधात फार थोडं उतरतं. शिशाचाही मोठा वाटा हाडांत जाऊन बसतो. पण अडवणं म्हणजे नाहीसं करणं नव्हे, ते उधारीवर ठेवणं झालं. गाय व्याली की दुधासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं आणि त्याच्यासोबत शिसंही. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशातल्या वेगवेगळ्या कारखान्यांभोवती पाळलेल्या दुभत्या गाईंचं रक्त आणि दूध तपासलं, तो अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त शिसं शिसे-जस्त वितळवणाऱ्या कारखान्याजवळच्या गाईंत सापडलं. त्यांच्या दुधात ते सरासरी मिलिलिटरला ०.८४ मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरला ०.८४ मिलिग्रॅम होतं. आपल्याकडे दुधातल्या शिशाची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे हिशेबाने साधारण चाळीसपट. रक्तातलं शिसं एका पातळीच्या वर गेलं की दुधातलंही वाढत जातं, हेही त्यांनी दाखवलं. ज्याला नाडीवर विश्वास ठेवायचा आहे त्याने आधी ही चाळीसपट कुठून आली ते सांगावं.

उकळ्यांचं काय? उकळल्याने जंतू मरतात. शिसं जिवंत नसतं, त्यामुळे ते मरतही नाही. पाणी वाफ होऊन जातं, शिसं पातेल्यात राहतं. लिटरभर दूध आटवून अर्धा लिटर केलंत तर शिसंही दुप्पट दाट. बासुंदी करा, म्हणजे चांगलं आटीव शिसं खायला मिळेल. ते तळाशीही बसत नाही, दुधातल्या केसिन या प्रथिनाला चिकटून राहतं, म्हणून फाडलेल्या दुधातलं पाणी ओतून दिलं तरी ते पनीरात उरतं. चुंबकाचं म्हणाल तर शिसं, पारा, कॅडमियम यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. ही कल्पना कुठून उचलली असेल याचा मला अंदाज आहे. गुरांनी गिळलेल्या तारा आणि खिळे धरून ठेवायला डॉक्टर त्यांच्या पोटात चुंबक सोडतात. ते लोखंडासाठी. अर्धवट ऐकलं की असं होतं.

हिरव्या गवताचं थोडक्यात. कॅडमियम पिकात शिरलं तरी पान बराच काळ हिरवंच दिसतं. शिसं मुळातून फारसं वर चढत नाही, पण धूळ होऊन पानांवर बसतं आणि चरताना जनावर गवतासोबत मातीही खातं. सांडपाण्यावर वाढवलेलं पॅरा गवत आपल्याकडच्या तबेल्यांना नवीन नाही. ते किती हिरवं असतं ते बघितलेल्याने तरी हिरवेपणावर भरवसा ठेवू नये.

मोरचुदाबद्दल मात्र पुन्हा थांबावं लागेल, कारण हा उपाय शहाणपणाचा वाटतो. जुन्या काळी मेंढ्यांच्या जंतांवर मोरचूद पाजत असत, खुरांच्या सडक्यावर त्याच्या पाण्यात पाय बुडवतात, हे खरं. पण रोज पाण्यात? मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांब्याच्या बाबतीत मेंढीएवढं नाजूक जनावर गोठ्यात दुसरं नाही. जास्तीचं तांबं तिचं यकृत आठवडेच्या आठवडे गुपचूप साठवतं आणि वरून मेंढी ठणठणीत दिसते. मग लांबची चाल, गाडीतला प्रवास किंवा चाऱ्यात बदल असं निमित्त होतं आणि ते तांबं एकदम रक्तात सुटतं. तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. शेळी थोडी चिवट आहे, पण तिलाही मर्यादा आहेच. गाईंचं खनिज मिश्रणसुद्धा मेंढ्यांना घालू नये ते याच कारणाने. दिवाळीनंतर धनगर घाट उतरून इकडे येतात. त्यांच्यातल्या कुणाच्या फोनवर हा मेसेज गेला आणि त्याने तो मनावर घेतला, तर कळपच्या कळप वाटेत पडेल, आणि दोष पाण्याला नाहीतर नजरेला जाईल.

मामाच्या शेळ्यांच्या टाकीतलं पाणी मी स्वतः ओतून दिलं. निळसर झालं होतं. मोरचूद दहाच दिवस पडला होता, त्यामुळे बहुधा निभावेल.

वासराची आई त्याच आवारात चरत होती. तिच्या रक्ताचा नमुना घेतलाय, निकाल यायचा आहे. तोवर दूध विकायचं नाही, प्यायचं नाही, शेळीच्या करडांनाही द्यायचं नाही, असं मी मामाला बजावून आले. मामी रोज सकाळी धार काढते आणि गोठ्यापासून लांब खणलेल्या खड्ड्यात ओतते. काल शेजारीण कुंपणावरून बघत होती. म्हणाली, एवढं दूध फुकट घालवण्यापेक्षा तीन उकळ्या का देत नाहीस?