वर्दीतल्या फोटोवरून आजोबांची नौदलातली नोकरी: फिरणाऱ्या मजकुरात काय चुकतं

कोल्हापुरात घरटी नसला तरी गल्लीत एखादा फौजी फोटो निघतोच. शिरोळकडच्या सैनिक टाकळीसारख्या गावात तर विचारायलाच नको. यातले बहुतेक फोटो पायदळाचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे, नाहीतर संस्थानच्या राजाराम रायफल्सचे. त्यामुळे ट्रंकेतून गोल टोपी आणि खलाशी कॉलरचा फोटो निघाला की घरात कुणालाच काही सांगता येत नाही, आणि मग व्हॉट्सअॅपवरचा तो मजकूर पुढं येतो. त्याचा सारांश असा: टोपीच्या फितीवर आजोबांच्या जहाजाचं नाव असतं, दंडावरच्या पट्ट्या म्हणजे हुद्दा, पी-कॅप म्हणजे अधिकारी, छातीवरच्या फिती म्हणजे लढलेल्या लढाया, फितीवर ‘एचएमआयएस’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) असेल तर आजोबा १९४६ च्या नाविकांच्या उठावात होते. आणि फोटो पुसट असेल तर एआय अॅपमधून उजळून घ्या.

वर्दीवरून फोटोचा काळ आणि माणसाची शाखा बऱ्यापैकी ठरवता येते. कुठल्या जहाजावर किती वर्षं होते, हे ठरत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घराण्याचा इतिहास पहिल्याच पायरीवर घसरतो.

“आधी अॅपमधून फोटो स्वच्छ करून घ्या.” हे मुळीच करू नका. अॅप पुसट अक्षरं वाचत नाही, नवीन रचतं. फितीवरची चार धूसर अक्षरं ते ठसठशीत करून देतं आणि आपण आयुष्यभर भलत्याच जहाजाचा शोध घेत बसतो. रंगही ते अंदाजानंच भरतं.

त्याऐवजी मूळ फोटो साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. टोपी, दोन्ही दंड, मनगट आणि छाती एवढे भाग वेगळे १२०० डीपीआयला. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत ठेवा, म्हणजे डाग कुठला आणि स्टुडिओवाल्यानं ब्रश कुठं फिरवलाय ते कळतं. फ्रेमची काच फोटोला चिकटली असेल तर ओढू नका. इथल्या पावसाळी दमटपणात फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढताना नेमका चेहराच काचेवर राहतो. तसा फोटो काचेसकट स्कॅन करा. सुटत असेल तर पाठ आधी बघा. मुंबई किंवा कराचीच्या स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, हे पुढच्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त बोलतात.

मजकुरात नसलेली एक तपासणी इथंच उरका. जुन्या निगेटिव्हवरून मोठा फोटो करताना तो उलटा छापला जाण्याचा प्रकार सर्रास व्हायचा. पुरुषी कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि पदकांच्या फिती डाव्या छातीवर असतात. तुमच्या फोटोत उलट दिसलं तर प्रतिमा फिरवा आणि मगच पुढं वाचा, नाहीतर डाव्या दंडाचं सगळं उजव्याच्या खात्यावर पडेल.

“फितीवरचं नाव म्हणजे जहाज.” युद्धाच्या काळात गुप्ततेपोटी फितीवर जहाजाचं नाव न घालता नुसतं ‘एचएमआयएस’ लिहीत. तेव्हा ही चार अक्षरं दिसली तर जहाज कळलं नाही, काळ कळला. तोही ढोबळ, कारण शाही भारतीय नौदल हे नाव ऑक्टोबर १९३४ पासूनचं. त्याआधी रॉयल इंडियन मरीन होतं.

नाव असलं तरी घाई नको. तलवार, डलहौसी, वलसुरा, शिवाजी ही नावं पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजांची नव्हती. ती जमिनीवरची ठाणी. तलवार म्हणजे मुंबईतली सिग्नल शाळा, वलसुरा जामनगरजवळची टॉर्पेडो शाळा, शिवाजी लोणावळ्याला. घरी पाठवायचा फोटो पुष्कळ पोरं प्रशिक्षण संपता संपता काढत, त्यामुळे डोक्यावर शाळेचं नाव आणि नोकरी भलत्याच जहाजावर, असं सहज होतं. ‘डफरिन’ दिसलं तर सावध व्हा. १९२७ पासून मुंबईत असलेल्या या प्रशिक्षण जहाजावर व्यापारी जहाजांचे कॅडेट तयार होत. तसा फोटो असेल तर नौदलाच्या दप्तरात शोधून हाती काही लागेलच असं नाही.

“दंडावर तीन पट्ट्या म्हणजे हवालदार.” आपल्याकडं सगळ्यात खोल रुजलेली चूक हीच, कारण पायदळात ते खरंच आहे आणि आपले डोळे पायदळालाच सरावलेले. नौदलात डाव्या दंडावरच्या व्ही आकाराच्या पट्ट्या चांगल्या वर्तणुकीच्या. ब्रिटिश पद्धतीनं पहिली ३ वर्षांनंतर, दुसरी ८ वर्षांनंतर, तिसरी १३ वर्षांनंतर मिळायची. तीन पट्ट्यांचा माणूस साधा खलाशी असू शकतो, आणि पट्टी नसलेला त्याचा वरिष्ठ. हुद्दा त्याच दंडावर पट्ट्यांच्या वर बघायचा: एक नांगर असेल तर लीडिंग सीमन, मुकुटाखाली आडवेतिडवे दोन नांगर असतील तर पेटी ऑफिसर.

मात्र पट्ट्या टाकाऊ नाहीत. भरतीचं साल काढायला याहून चांगलं साधन फोटोत दुसरं नाही. फोटो १९४४ चा आहे हे पाठीवरून कळलं आणि दंडावर एकच पट्टी असेल, तर भरती साधारण १९३६ ते १९४१ च्या दरम्यानची. तीन असतील तर १९३१ च्या आधीची, म्हणजे आजोबा मरीनच्या काळातले. वर्तणूक बिघडली की पट्टी काढूनही घेत. म्हणून वर्षं ‘किमान एवढी’ अशीच धरायची.

उजव्या दंडावर कामाची खूण असते आणि मजकुरात तिचा उल्लेखच नाही. दोन निशाणं एकमेकांवर असतील तर सिग्नलमन. पंख आणि वीज, वायरलेसवाला. जहाजाचा पंखा म्हणजे इंजिनाकडचा स्टोकर, क्रॉस म्हणजे दवाखान्यातला परिचर. ताऱ्याबरोबर इंग्रजी अक्षर दिसलं तर डब्ल्यू कारकुनाचं, एस भांडाराचं, सी स्वयंपाक्याचं.

ही खूण दिसत नसेल तर ‘नव्हतीच’ असं म्हणू नका. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म भरपूर वापरात होती. तिला लाल रंग दिसतच नाही. लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिका पडतो. गडद निळ्या सर्जवर (लोकरी कापडावर) लाल धाग्याची खूण काढलेली असेल तर ती कापडात विरून जाते. स्कॅनमध्ये फक्त गडद भाग उजळून त्या जागी शिवणीची कड दिसते का ते बघा. पांढऱ्या वर्दीवर ही अडचण कमी, तिथं खुणा गडद निळ्या असतात.

“पी-कॅप म्हणजे ऑफिसर.” चीफ पेटी ऑफिसर (खलाशांतलाच वरचा हुद्दा, अधिकारी नव्हे) पी-कॅप घाली, आणि कारकून, स्वयंपाकी, स्टुअर्ड यांनाही कोट-टाय आणि पी-कॅपच असे. टोपी सोडा, निळ्या कोटाची मनगटं बघा. तीन बटणं ओळीत असतील तर चीफ पेटी ऑफिसर. अधिकाऱ्याच्या बाहीवर सोनेरी कडी असतात आणि वरच्या कडीला वेटोळं. कडी सरळ असेल तर कायम सेवेतला, नागमोडी असेल तर युद्धासाठी घेतलेला स्वयंसेवक राखीव दलातला, दोन बारीक कडी एकमेकांत गुंफलेली असतील तर व्यापारी जहाजांवरून आलेला राखीव अधिकारी. वेटोळ्याच्या जागी चौकटच्या पत्त्यासारखा आकार दिसला तर माणूस नौदलाचा नव्हेच, मर्चंट नेव्हीचा.

“कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेघा नेल्सनच्या तीन विजयांच्या.” नाहीत. १८५७ मध्ये ब्रिटिश नौदलानं गणवेश ठरवला तेव्हा तीन रेघा ठरल्या, एवढंच. पुढं.

“छातीवरच्या फितींवरून लढाया कळतात.” महायुद्धातले स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदकं) हे लढाईसाठी नसून क्षेत्रासाठी होते. बर्मा स्टार असेल तर त्या क्षेत्रात ठरलेली सेवा झाली, कुठल्या चकमकीत होते ते कळत नाही. आणि ऑर्थो फिल्मची भानगड इथंही आहेच: १९३९-४५ स्टारची फीत गडद निळी, लाल, फिकी निळी, फोटोत मधला पट्टा काळा आणि एक कड पांढरट दिसते. नेटवरच्या रंगीत तक्त्याशी जुळवायला गेलात तर फसाल. रंगवलेल्या फोटोत तर रंग स्टुडिओतल्या कलाकाराच्या मर्जीचे.

फितींचा खरा उपयोग काळासाठी. महायुद्धाच्या स्टारची फीत छातीवर आली ती १९४३ पासून, त्याआधीच्या फोटोत ती असूच शकत नाही. केशरी, पांढरा, हिरवा असे तीन सारखे उभे पट्टे म्हणजे भारतीय स्वातंत्र्य पदक. ते दिसलं तर आजोबा १५ ऑगस्ट १९४७ ला नोकरीत होते आणि फोटो त्यानंतरचा. टोपीवर मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर फोटो २६ जानेवारी १९५० नंतरचा. हा एक मुद्दा त्या मजकुरातही आहे आणि तो बरोबर आहे.

पदकं घरात असतील तर फोटो बाजूला ठेवा. भारतीय फौजांना दिलेल्या महायुद्धाच्या पदकांवर बहुधा नंबर आणि नाव ठोकलेलं असतं: स्टारच्या पाठीवर, गोल पदकाच्या कडेवर. चिंच-राखेनं घासू नका, तीच अक्षरं आधी झिजतात. तिरप्या उजेडात मोबाइलनं फोटो घ्या.

“एचएमआयएस म्हणजे उठावातले.” उठाव १८ फेब्रुवारी १९४६ ला तलवारवर सुरू झाला आणि हजारो नाविक त्यात उतरले हे खरं. पण ती फीत त्याआधी वर्षानुवर्षं गोल टोपीवाल्या प्रत्येक खलाशाच्या डोक्यावर होती. ज्यांची नोकरी उठावामुळे गेली त्यांना पुढं केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी अर्ज करता येत होता. तसा अर्ज झाला असेल तर घरच्या कागदांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात माग सापडू शकतो. डिस्चार्जच्या कागदावरची तारीख आणि कारण हाच पुरावा, टोपी नव्हे.

शेवटी सगळं येऊन थांबतं सर्व्हिस नंबरवर. तो पदकाच्या कडेवर, डिस्चार्ज सर्टिफिकेटवर, पेन्शनच्या कागदावर किंवा फोटोच्या पाठीवर शोधा. मिळाला की खलाशांच्या नोंदींसाठी मुंबईत मानखुर्दच्या चिता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे वारसानं लेखी अर्ज करायचा. अधिकाऱ्यांच्या नोंदी तिथं नसतात, त्यासाठी दिल्लीचं नौदल मुख्यालय. अर्जात पूर्ण नाव (इंग्रजी स्पेलिंगचे सगळे प्रकार देऊन, कारण पाटीलचंही तिथं तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं), वडिलांचं नाव, तेव्हाचं गाव आणि तालुका, संस्थानचं नाव, भरतीचं अंदाजे साल आणि नातं सिद्ध करणारा कागद हवा. कोल्हापुरातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जाला मार्गदर्शन करतं. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव घरबसल्या, फुकट शोधता येतं. तिथं नंबर, हुद्दा आणि पुष्कळदा जहाजही मिळतं.