चित्रकाराकडून पाकीट कसं करून घ्यावं

वाशीच्या मसाला मार्केटात तुमचा गाळा आहे, गोडा मसाला आता सुटा न विकता पाकिटातून विकायचा आहे आणि पाकिटावर एक प्रसन्न आजी हवी आहे. उत्तम. आता चित्रकार गाठा. ठाण्यात ते मुबलक. घोडबंदर रोडच्या दर दुसऱ्या सोसायटीत एखादा घरी बसून काम करत असतो. 'घरी बसून' हे दोन शब्द जपून ठेवा, दर ठरवताना लागतील.

पहिला फोन रविवारी दुपारी करावा. "एक छान आजी काढून द्या, साधीशीच," एवढं सांगितलं की पुरे. मग तो उलटतपासणी सुरू करेल: पाकिटाचं माप काय, फिल्म, म्हणजे पाकिटाचं प्लास्टिक, कुठलं, छापणार कोण, किती रंगांत? इतक्या चौकशा मुलगी बघायला आलेले लोकही करत नाहीत. त्याचं कारण असं, की अशी पाकिटं बहुधा ग्राव्ह्युअर मशीनवर छापली जातात आणि तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. रंग वाढला की सिलिंडर वाढला, म्हणजे खर्च वाढला. फिल्म चंदेरी असेल तर चित्राखाली पांढऱ्या शाईचा थर लागतो. तो राहिला तर आजीचे गाल स्टीलच्या डब्यासारखे चमकतात. वरखाली जिथे पाकीट गरम करून चिकटवतात त्या पट्टीत काही महत्त्वाचं ठेवता येत नाही, नाहीतर अंबाडा सीलमध्ये जातो. हे सगळं त्याला आधी कळलं तर काम सुरळीत होईल. म्हणून, "ते नंतर बघू, आधी चित्र तर दाखवा," असं म्हणावं.

त्यातून त्याला गाळ्यावर बोलवावं. ट्रान्स-हार्बर लोकलने सकाळी अकराला, माल उतरत असताना. चहा पाजावा आणि जे फोनवर सांगता आलं असतं तेच पुन्हा सांगावं.

यानंतर तो काडेपेटीएवढी आठ-दहा चित्रं पाठवेल. त्यांत ना डोळे असतील, ना साडीचे काठ. दुकानात सहा फुटांवरून गिऱ्हाइकाला फक्त आकार दिसतो. आजी नावाकडे बघते आहे की पाकिटाबाहेर, हात खलबत्त्यावर आहे की हवेत, हे या टप्प्यावर ठरतं. माझ्या मते सगळ्या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि तुम्हाला तो गिचमीड वाटणं स्वाभाविक आहे. होही म्हणू नये, नाहीही. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा पाठवावा. पुढे पेन्सिलचं रेखाटन येईल, त्यालाही अंगठा.

खरी मतं रंगीत चित्रासाठी राखून ठेवावीत. पेन्सिलमध्ये हात डावीकडून उजवीकडे न्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. रंगीत चित्रात तो हात हलला की त्याची सावली हलते, पदराच्या चुण्या बदलतात, मागे झाकलेला पाटा उघडा पडतो आणि तो आता नव्याने काढावा लागतो. तेव्हा याच क्षणी सांगावं, "आजी जरा तरुण करा. आणि उभी." एकट्याने निर्णय घेणं टाळावं. बायको, मेहुणा, हिशेब लिहिणारे काका, सगळ्यांना चित्र पाठवावं आणि प्रत्येकाचा व्हॉइस मेसेज न ऐकता तसाच पुढे ढकलावा. मेहुण्याला नऊवारी हवी असते, काकांना नथ नको असते. "काहीतरी मिसिंग आहे" हा अभिप्राय कुठल्याही चित्राला लागू पडतो.

रंग मोबाइलवरच तपासावेत, ब्राइटनेस पूर्ण वाढवून. पडद्यावरची हळद आतून उजळलेली असते. शाईला तो उजेड कुठून आणणार? छापील नमुन्यात पिवळा जरा बसका दिसला की चित्रकाराने रंग 'मारला' म्हणावं.

त्याने ३०० डीपीआयची, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडलेली, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे फॉन्ट नसला तरी न बिघडणारी) पीडीएफ मेलवर पाठवलेली असते. ती उघडू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चित्रच वागळे इस्टेटमधल्या प्रेसला फॉरवर्ड करावं, कारण ते हाताशी असतं. व्हॉट्सअ‍ॅपने ते आधीच दाबून बारीक केलेलं असतं. चित्र फुटलं की फोन करायचाच आहे. मजकूर बदलायचा तर ऑपरेटरलाच सांगावं, त्याच्याकडे तो फॉन्ट नसतो, 'गोडा मसाला'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात, आणि तो म्हणतो, "कोरलड्रॉची फाइल मागवा, जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून."

आता, चित्र मंजूर झाल्यावर, बारकोडची आठवण काढावी. शाकाहाराचा हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपरवान्याचा, १४ आकडी क्रमांक, एमआरपीची जागा, हेही आताच. सगळं आजीच्या पायांवर बसतं. बारकोड मसाल्याला शोभेल असा लाल मागावा. स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो, त्यात लाल पट्ट्या पांढऱ्यात मिसळून जातात आणि बिलिंग काउंटरवर पाकीट मुकं होतं. पण दिसतो मात्र छान.

कागदाचा, म्हणजे लेखी कराराचा, विषय निघाला तर "आपल्यात कसला कागद?" हे ठरलेलं वाक्य. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईला माल पाठवायचा विचार असेल तर मागचं वाक्य वाचलंच नाही असं समजा आणि हीच आजी टेम्पोवर, कॅलेंडरवर, तीन हात नाक्याच्या होर्डिंगवर निर्धास्त लावा.

पैसे "समोरून आले की". त्याने लघुउद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी केलेली असेल तर थोडी पंचाईत आहे: २००६ च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तरी जास्तीत जास्त ४५, आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, तेही दरमहा. सुदैवाने पुढच्या कामाच्या आशेने बहुतेक चित्रकार हे कलम काढत नाहीत.

आणि पुढचं काम असतंच. कांदा-लसूण मसाल्यासाठी तीच आजी, फक्त हिरवी साडी लाल. त्यासाठी बरेचसे सिलिंडर नव्याने कोरावे लागतील. सिलिंडरवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मशीनला हात लावत नाही, आणि ती तुम्ही घासाघीस न करता त्याच दुपारी भराल. चित्रकाराला रात्री साडेदहाला कळवा: रंगच तर बदलायचा आहे, त्याचे वेगळे पैसे कसले?